नेट नाही म्हणजे नक्की काय नाही?

मंडळी, "नेट नाही" हे आपल्याकडचं सध्याचं सगळ्यात सोयीचं वाक्य आहे. पूर्वी "साहेब जागेवर नाहीत" असायचं ना, अगदी तसंच. एकदा ते म्हटलं की समोरचा पुढे काही विचारतच नाही. बँकेत, दाखल्याच्या रांगेत, रेशनच्या दुकानात, सगळीकडे ऐकलंय मी ते. माझं म्हणणं असं की या वाक्यात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या न करता जो उपाय सुचवतो त्याचं ऐकू नये. भले तो कितीही आत्मविश्वासाने बोलत असो!

हे एवढं तावातावाने लिहायचं कारण म्हणजे कोसबाडचे माझे मामा आणि त्यांचा जुना संगणक. नात्यातल्या बऱ्याच जणांना यातलं अर्धंमुर्धं कानावर आलंय ("तुझे मामा म्हणे आकाशातले तारे शोधतात?"), म्हणून एकदा नीट सांगून टाकते.

मामा विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. कोसबाडला टेकडीच्या उतरणीला त्यांची छोटीशी चिकूची वाडी आहे. (ज्यांनी पत्ता विचारला होता त्यांच्यासाठी: तालुका डहाणू, आणि जिल्हा आता पालघर. १ ऑगस्ट २०१४ च्या आधी आपण सगळे 'ठाणे' लिहायचो.) त्यांच्याकडे लिनक्स मिंट घातलेला एक डेस्कटॉप आहे आणि त्याच्यावर 'बॉइंक' नावाचं सॉफ्टवेअर चालतं. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात तयार झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. काम एवढंच की तुमचा संगणक रिकामा असेल तेव्हा तो एखाद्या वैज्ञानिक प्रकल्पाला वापरू द्यायचा. प्रकल्पाच्या सर्व्हरवरून गणिताचा एक तुकडा येतो, तुमचं यंत्र तो काही तास सोडवत बसतं, उत्तर परत पाठवतं आणि पुढचा तुकडा मागतं. गावाकडे इर्जिक असते ना, एकाच्या शेतावर सगळ्यांनी आपापले बैल घेऊन जायचं? तसंच हे, फक्त इथे शेवटी जेवण नसतं. :)

यातला सगळ्यात गाजलेला प्रकल्प म्हणजे सेटी अॅट होम. तो १९९९ च्या मे महिन्यात सुरू झाला. परग्रहावरच्या कोणाचा रेडिओ संदेश येतोय का ते शोधायचा. ३१ मार्च २०२० ला त्यांनी नवीन काम वाटणं थांबवलं. मामांनी निवडलेला प्रकल्प आइन्स्टाइन अॅट होम, तो २००५ च्या फेब्रुवारीपासूनचा. लायगोच्या मोजणीतून गुरुत्वलहरींचा एक विशिष्ट, अखंड येणारा प्रकार शोधायचा आणि दुर्बिणींच्या विद्यातून पल्सार, म्हणजे गरगर फिरणारे मेलेले तारे, हुडकायचे. आता "सामान्य माणसाच्या घरच्या यंत्राने काय होणार" असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०१० मध्ये या प्रकल्पाने रेडिओ दुर्बिणीच्या विद्यातून आपला पहिला नवा पल्सार जाहीर केला. तो सापडला होता अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका माणसाच्या घरच्या संगणकांवर. तिघांचीही नावं त्या शोधाला जोडली गेली. आणि लायगो म्हणजे काही फार दूरची गोष्ट नाही बरं का. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला लायगो-इंडिया व्हायची आहे, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने त्याला शेवटची मंजुरी दिली. पुण्याच्या आयुकातले लोक तर गेली कित्येक वर्षं या लहरींच्या गणितात आहेत.

असो. तर मामांचा फोन आला. "अगं, त्या बॉइंकला नेट मिळत नाही. तालुक्याचा कॉम्प्युटरवाला पोरगा म्हणतो फॉरमॅट मारू."

मी म्हटलं, मामा, त्याला हात लावू देऊ नका, शनिवारी येते.

घाई मामांना नव्हती, पाड्यावरच्या दोन मुलांना होती. ही दोघं संध्याकाळी मामांकडे गणित शिकायला येतात आणि जाताना "आज किती झालं" म्हणून पडद्यावरची टक्केवारी बघतात. पाच तुकडे पूर्ण सोडवून झालेले होते आणि नुसते पाठवायचे राहिले होते. आइन्स्टाइनच्या कामाला साधारण चौदा दिवसांची मुदत असते, त्यातले अकरा गेले होते. फॉरमॅट मारला असता तर ते पाचही पुसले गेले असते. आणि नुकसान आपल्यापुरतं राहत नाही. प्रत्येक तुकडा निदान दोन वेगळ्या घरच्या यंत्रांवर सोडवला जातो आणि दोघांची उत्तरं जुळली तरच ते खरं मानतात. म्हणजे जगात कुठेतरी दुसरा कोणीतरी आपलं काम संपवून आपल्या मामांच्या उत्तराची वाट बघत बसलेला होता. मुदत टळली की तोच तुकडा तिसऱ्याला जातो आणि त्या बिचाऱ्याची वाट बघणं लांबतं.

आता निदानाकडे येते. (ज्यांना तांत्रिक भागाचा कंटाळा आहे त्यांनी दोन-तीन परिच्छेद गाळले तरी माझी हरकत नाही. पण गाळू नका, फार अवघड नाहीये.)

बॉइंक हे दिसायला एक सॉफ्टवेअर असलं तरी आत ते दोन आहेत. पडद्यामागे मुकाट्याने राबणारा एक क्लायंट, आणि आपल्याला खिडकी दाखवणारा एक मॅनेजर. लिनक्सवर मिंटच्या किंवा डेबियनच्या भांडारातून बसवलं तर हा क्लायंट आपल्या नावाने चालतच नाही. 'बॉइंक' नावाचा एक स्वतंत्र वापरकर्ता तयार होतो, त्याच्या नावाने चालतो, आणि संगणक सुरू झाला की आपोआप उठतो. मॅनेजर त्याच्याशी बोलतो तेही जोडणी करूनच, त्याच यंत्राच्या आतल्या आत, ३१४१६ क्रमांकाच्या पोर्टवरून. (हा आकडा ओळखीचा वाटतो ना? दशांशचिन्ह काढलेला पाय! मामा यावर फार खूश आहेत.) या बोलण्याला एक परवलीचा शब्द लागतो, तो एका फाइलीत असतो आणि ती फाइल वाचायचा हक्क बॉइंकच्या गटातल्या लोकांनाच असतो.

म्हणजे बघा, "जोडणी होत नाही" हा संदेश दोन पूर्णपणे वेगळ्या कारणांनी येऊ शकतो. एक, खिडकीची आणि आतल्या क्लायंटची जोडणी होत नाही. या भानगडीचा इंटरनेटशी काडीचाही संबंध नाही, तुम्ही वायर उपटून फेकलीत तरी ही जोडणी व्हायला हवी. दुसरं, क्लायंटची आणि दूरच्या सर्व्हरची जोडणी होत नाही. मामांकडे पहिल्यांदा दिसला तो पहिला प्रकार. कारण साधं होतं. त्या पोराने "नवीन लॉगिन करून बघू" म्हणून मामांना एक नवीन खातं करून दिलं होतं आणि ते खातं बॉइंकच्या गटात नव्हतं. खिडकीवर 'अधिकार नाही' अशा अर्थाचा संदेश स्पष्ट येत होता, पण तो वाचायच्या आधीच 'नेट नाही' हे निदान ठरून गेलेलं! गटात नाव घातलं, बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं (हे पुन्हा लॉगिन करणं लोक विसरतात आणि मग उपाय खोटा ठरवतात), की खिडकी उघडली. आत बघितलं तर क्लायंट इतके दिवस इमानेइतबारे काम करतच होता. दिसत नव्हता एवढंच.

इथे एका उपायावर मला बोलायचंच आहे. असल्या अडचणीत हमखास कोणीतरी सांगतं, त्या फोल्डरला सातशे सत्त्याहत्तर मार. म्हणजे सगळ्यांना सगळे अधिकार देऊन टाक. किंवा सगळं रूट म्हणून चालव. अडचण सुटते, नाही असं नाही. कुलूप उघडत नाही म्हणून दार काढून अंगणात ठेवलं तर घरात जाता येतंच की! ज्या सॉफ्टवेअरचं कामच बाहेरून आलेला प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर चालवणं हे आहे, त्याला वेगळा वापरकर्ता आणि तोकडे अधिकार मुद्दाम दिलेले असतात. ते सोयीसाठी काढून टाकणं मला अजिबात पटत नाही.

खिडकी उघडल्यावर दुसरा प्रकार दिसला. पाच तुकडे पाठवायचे राहिलेले, समोर 'पुन्हा प्रयत्न अमुक वेळाने'. आता बॉइंक स्वतःची एक नोंदवही ठेवतं, आणि माझ्या मते ती नोंदवही म्हणजे या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. सर्व्हर सापडला नाही तर ते लगेच "नेट नाही" म्हणून मोकळं होत नाही. आधी ते एका दुसऱ्याच ठरलेल्या, सहसा बंद न पडणाऱ्या संकेतस्थळाचं दार ठोठावून बघतं. तिथून उत्तर आलं तर लिहितं की इंटरनेट ठीक आहे, प्रकल्पाचे सर्व्हर तात्पुरते बंद असावेत. तिथूनही आलं नाही तर लिहितं की इंटरनेटपर्यंत पोचता येत नाही, तुमची जोडणी नाहीतर प्रॉक्सी तपासा. दोष कुणाकडे आहे हे ठरवायच्या आधी तिसऱ्याला विचारायचं! माणसांनी एवढं केलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

मामांच्या नोंदवहीत दुसरं वाक्य होतं, इंटरनेटपर्यंत पोचता येत नाही. पण मोबाइलचा हॉटस्पॉट तर चालू होता आणि पिंग व्यवस्थित जात होतं. नुसत्या आकड्यांच्या पत्त्यालाही आणि नावालाही. म्हणजे रस्ता आहे आणि नावावरून पत्ता शोधणंही चालू आहे. मग अडतंय कुठे? नोंदवहीत आणखी दोन ओळी होत्या. एक, समोरच्याचं प्रमाणपत्र खरं आहे याची खात्री करता येत नाही. आणि त्याच्या बरीच वर, दुसरी: नवीन वेळ जुन्या वेळेच्या मागे गेली आहे, म्हणून थांबण्याचे हिशोब पुसत आहे.

वेळ मागे गेली? मी मामांना विचारलं, आज तारीख काय हो? ते भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघून म्हणाले. संगणकाला विचारली तर त्याची तारीख दोन वर्षांहून जुनी! पडद्याच्या कोपऱ्यात फक्त तास-मिनिटं दिसतात, आणि वेळ बघायला मामा भिंतीवरचं घड्याळ वापरतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येणार?

झालं होतं ते असं. संगणकाच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो मेला की वीज गेल्यावर घड्याळही मरतं आणि वीज आली की कुठल्यातरी जुन्याच तारखेपासून सुरू होतं. एरवी लिनक्स इंटरनेटवरून आपली वेळ लावून घेतं, पण ते 'आपोआप वेळ लावा' कोणीतरी बंद करून ठेवलेलं. आता दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करताना तो आपलं ओळखपत्र दाखवतो, त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं असतं. मामांच्या संगणकाच्या मते ते ओळखपत्र अजून जन्मालाच आलं नव्हतं. मग तो कसा बोलणार? बरोबरच आहे त्याचं! आणि ते जे तिसरं दार ठोठावायचं, त्याचंही ओळखपत्र याच कारणाने नापास. म्हणून त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, की इंटरनेटपर्यंत पोचता येत नाही.

"काही दिवस चालतं, काही दिवस नाही" हे मामांचं म्हणणंही यात बसलं. मधल्या काळात कधी मामी, कधी तो पोरगा, कोणी ना कोणी घड्याळ हाताने लावत होतं. पुढची वीज जाईपर्यंत सगळं सुरळीत. गावात सगळ्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र एकच, इथलं नेट असंच!

घड्याळ लावलं, आपोआप वेळ सुरू केली, 'अपडेट' दाबलं. पाचही तुकडे गेले. सेल दुसऱ्या दिवशी डहाणूहून आणला.

माझा राग फॉरमॅट सुचवणाऱ्या त्या पोरावर नाहीये, गैरसमज नको. त्याच्याकडे दिवसाला दहा यंत्रं येतात आणि फॉरमॅटने त्यातली नऊ चालू होतात. राग आहे तो या सवयीवर. फॉरमॅट म्हणजे पुरावाच जाळून टाकणं. मामांच्या यंत्राला फॉरमॅट मारला असता तर घड्याळही त्याच भरात नीट लागलं असतं, बॉइंकही चाललं असतं, सगळे म्हणाले असते "बघा, व्हायरस होता!" आणि पुढची वीज गेल्यावर पुन्हा तेच. कारण न कळता बरा झालेला रोग परत येतोच.

आणि घड्याळ आणि प्रमाणपत्रं ही काही आपल्या कोसबाडचीच कहाणी नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या प्रमाणपत्रांना आधार असलेलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं. त्या दिवशी जगभरात जुनी सॉफ्टवेअरं असलेली असंख्य यंत्रं, जुन्या ओपनएसएसएलवर चालणारी लिनक्सची यंत्रंसुद्धा, चांगल्या चालत्या संकेतस्थळांना "तुला ओळखत नाही" म्हणू लागली. बॉइंकवाल्यांनाही त्याचा फटका बसला. त्या दिवशी ज्यांनी राउटर बदलला त्यांचे पैसे फुकट गेले. उपाय होता प्रमाणपत्रांची यादी आणि सॉफ्टवेअर नवं करणं.

तिसरा प्रकार, ज्यात आपण काहीच करायचं नसतं, तोही सांगून टाकते. कधीकधी खरोखरच समोरचं दुकान बंद असतं. सेटी अॅट होमवाले दर मंगळवारी देखभालीसाठी सर्व्हर बंद ठेवायचे, जुन्या लोकांना ते पाठ झालं होतं. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड हा प्रकल्पांचा मोठा समूह आयबीएमने २००४ मध्ये सुरू केला. २०२१ मध्ये तो टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे द्यायचं ठरलं आणि २०२२ मध्ये या स्थलांतरात काम काही महिने जवळजवळ ठप्प होतं. अशा वेळी बॉइंक काय करतं? थांबतं. एकदा प्रयत्न, मग थोडी विश्रांती, मग जास्त विश्रांती, असं करत काही तासांपर्यंत जातं. लोकांना वाटतं हे आळशी आहे, म्हणून ते दर मिनिटाला 'पुन्हा प्रयत्न' दाबत बसतात. अहो, बंद पडलेला सर्व्हर उठतो तेव्हा हजारो यंत्रं एकदम दारात उभी असतात. सगळ्यांनीच ढकलाढकली केली तर तो पुन्हा आडवा होणार. लोकल आल्यावर आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यावं, हे बोरिवलीला शिकलेलं शहाणपण इथेही लागू आहे.

आता माझ्या मुख्य मताकडे येते. त्यावरून घरात वादही झालाय.

माझ्या पुण्याच्या भावाचं म्हणणं असं की जिथे वीज जाते, नेट मोबाइलच्या मेहेरबानीवर, तिथे हा उद्योग कशाला? पुण्यात चांगली फायबरची लाइन आहे, इकडे एक यंत्र लावू, मामांच्या नावाने चालवू. हिशोबाने त्याचं बरोबर आहे. मला ते तरीही पटत नाही, आणि याचं कारण कोसबाडच्या टेकडीवरच आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला आणलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत ही तेव्हाची "जोडणी होत नाही" होती म्हणा ना. मुलं का येत नाहीत? कारण ती गुरं राखायला जातात, धाकट्या भावंडांना सांभाळतात. यावर "पालकांना महत्त्व कळत नाही" असं निदान करणं अगदी सोपं होतं आणि पुष्कळांनी ते केलंही असेल. या दोघींनी मूल येत नाही तर शाळा मुलाकडे नेली. पाड्यावर अंगणात अंगणवाडी, आणि जिथे गुरं चरतात तिथे कुरणशाळा. मुलाची अडचण हा त्याचा दोष न मानता ती धरूनच शाळा आखली. आज देशभर बोलला जाणारा 'अंगणवाडी' हा शब्द या कामातून आलेला आहे.

मला गंमत वाटते ती ही की बॉइंक बनवणाऱ्यांनीही, कोसबाड माहीत नसताना, असाच विचार केलाय. हे सॉफ्टवेअर सतत नेट असेल असं धरून चालतच नाही. काम एकदा उतरवून घेतलं की सोडवायला नेट लागत नाही. किती दिवसांचा साठा ठेवायचा ते सांगता येतं. दिवसाच्या कुठल्या तासांत नेट वापरायचं, किती दिवसांत किती एमबीच्या वर जायचं नाही, हेही सांगता येतं. आइन्स्टाइनवाल्यांनी तर आणखी एक युक्ती केलीय. एकच मोठी विद्याची फाइल तुमच्याकडे आली की शक्यतो त्याच फाइलीवर चालणारे पुढचे तुकडे तुम्हालाच द्यायचे, म्हणजे पुन्हा पुन्हा मोठी फाइल ओढायला नको. हे सगळं आत आहे. पण सेटिंगच्या पानांवर ते तिसऱ्या-चौथ्या रकान्यात, आणि मूळचा साठा दिवसाच्याही आतला! म्हणजे ज्याला या सोयींची खरी गरज, त्यालाच त्या शोधाव्या लागतात. मदतीची पानं वाचली तर ती सगळी घरात अखंड नेट असणाऱ्यासाठी लिहिलेली. हे मला खटकतं. तुटक नेटवाला हा कोणी अपवाद नाही. आपल्याकडे तर तोच नेहमीचा आहे.

मामांच्या यंत्रावर आम्ही साठा तीन दिवसांचा केला. दहा दिवसांपर्यंत करता येतो, आणि मामांना तो मोह झालाही. पण यंत्र दिवसातले आठ-नऊ तासच चालतं, दहा दिवसांचं काम भरून ठेवलं तर मुदतीत संपायची मारामार, आणि पुन्हा दुसऱ्या टोकाचा कोणीतरी ताटकळणार. पंगतीत ताटात घ्यावं तेवढं संपवावं! संध्याकाळी मामा फोन घेऊन घरी आले की हॉटस्पॉट लागतो, दहा-पंधरा मिनिटांत देवाणघेवाण होते, पुन्हा दुसऱ्या संध्याकाळपर्यंत नेटची गरज नाही. गेले पाच महिने एकही तुकडा मुदतीबाहेर गेलेला नाही.

भावाला मी हेच म्हटलं, की तू पुण्यात यंत्र लावलंस तर विज्ञानाला दुप्पट गणित मिळेल, खुशाल लाव. पण पाड्यावरची ती दोन पोरं पुण्याच्या यंत्राची टक्केवारी बघायला येणार नाहीत. त्यातल्या मोठीने त्या दिवशी माझ्या शेजारी बसून सेल कुठे असतो ते बघितलं आणि विचारलं, "मग मोबाइलचं घड्याळ कसं चुकत नाही?" आता याचं उत्तर द्यायला मामांना पुढचे दोन तास लागले. (त्या पल्सारचा फिरता आकाशगोल पडद्यावर दिसावा म्हणूनही लिनक्सवर वेगळी परवानगी द्यावी लागते, ती भानगड पुन्हा कधीतरी.)

मामींचा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. "वीज कोण भरतं?" त्यांनी विचारलं. हिशोब केला. यंत्र शंभर वॉट खातं असं धरलं आणि नऊ तास चाललं, तर दिवसाला ०.९ युनिट, महिन्याला सत्तावीस. युनिटला आठ रुपये धरले तरी दोनशे सोळा रुपये. चोवीस तास ठेवलं असतं तर बहात्तर युनिट आणि पावणेसहाशे. दोनशे रुपयांचं काय एवढं, असं आपण शहरात बसून म्हणू. मामी तसं म्हणत नाहीत, आणि मीही त्यांना तसं सांगणार नाही. फुकट सॉफ्टवेअर म्हणून जे मिळतं त्याची किंमत कोणीतरी विजेच्या बिलात भरत असतो, आणि हे प्रत्येक प्रकल्पाने पहिल्या पानावर ठळक लिहायला हवं.

तोडगा मामींनीच काढला. होळीनंतर यंत्र बंद, कारण त्या उकाड्यात पंखा लावायचा की संगणक असा प्रश्न येतो. पावसाच्या पहिल्या महिन्यात विजा फार कडाडतात, तेव्हाही वायर काढून ठेवायची. बाकीचे महिने चालू. बंद करण्याच्या आठवडाभर आधी बॉइंकला 'नवीन काम घेऊ नको' असं सांगायचं, म्हणजे हातातलं संपतं आणि कोणाचं काही अडकून राहत नाही. ही सोयही त्यात आहे, प्रकल्पाच्या नावावर गेलं की बाजूलाच बटण दिसतं. मामींनी ती तारीख कालनिर्णयावर लिहून ठेवलीय, गॅस सिलिंडरच्या नोंदीखाली.